आमदारांना गाठायची खरी जागा

आमदारांना गाठायचे सगळे रस्ते मी तपासून पाहिले आहेत. पाइप आणि मोटारींचं माझं दुकान गडमुडशिंगीत, ऐन रस्त्यावर. पण दारातली गटार उघडी. टेम्पो दाराला लागत नाही, म्हणून गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं आणि तो समोरचा तिथून मला हसतो. कार्यालयात अर्ज दिला, तो कुठं गेला ते कुणी सांगेना. फोन केला की साहेब बैठकीत. व्हॉट्सअॅपवर गटारीचे फोटो पाठवले, तर उत्तरात नुसते जोडलेले हात आले. डोकं फिरलं माझं. घासाघीस करत शून्यातून धंदा उभा केलाय मी. सौद्याला बसलेल्याला उठून जाता येत नाही तेव्हाच सौदा होतो, एवढं मला कळतं.

शेजारचे मामा वारले आणि तशी जागा सापडली. आमच्याकडं आमदार एकवेळ लग्न चुकवतील, रक्षाविसर्जन नाही. आणि नैवेद्याला कावळा शिवेपर्यंत तिथून हलता येत नाही.

त्या सकाळी कावळे झाडावरून नुसते बघत होते. आमदारांचे हात जोडलेले, डोळा घड्याळावर. घरच्यांनी मामांना शब्द देऊन पाहिला, शेत विकणार नाही, म्हशीला जपू. कावळा ढिम्म. मी आमदारांशेजारी सरकलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "साहेब, मामांची एक इच्छा ऱ्हायलीया. दारातल्या गटारीवर स्लॅब."

खोटं नव्हतं. मामा रोज काठी टेकत ती ओलांडायचे आणि शिव्या घालायचे.

"व्हय की!" मागून एक म्हातारी ओरडली. "द्या की शब्द! किती ताटकळत ठेवताय त्यास्नी?"

आमदारांनी मला डोळ्यांनीच खाल्लं. मग नैवेद्याकडं वळून म्हणाले, "मामा, म्हैन्यात स्लॅब घालतो."

कावळा उतरला.

काम खरंच झालं. मामांच्या उंबऱ्यापुढं सुरू झालं आणि माझ्या शटरच्या अलीकडं संपलं. मी ठेकेदाराच्या मोबाइलवरून आमदारांना फोन लावला, तर पहिल्याच रिंगला उचलला.

"पावणं, शब्द मामांस्नी दिलता," ते म्हणाले. "तुमास्नी कवा दिला?"

सौद्यात मला आजवर असं कुणी गंडवलं नव्हतं. आता पंचक्रोशीत कुठंही रक्षाविसर्जन असलं की मी आंघोळ करून हजर. मला बघितलं की आमदार गर्दीच्या दुसऱ्या टोकाला सरकतात, आणि मी तिथं पोचायच्या आत तो हावरट कावळा शिवून मोकळा होतो.