नोएमीच्या सातव्या वाढदिवसाचे पुतो

आमच्या गल्लीत नांग सेपाला, म्हणजे सेपाताईला, घाईचं काम आवडत नाही. तांदूळ नीट न धुणारी बाई दिसली की ती तिथेच तिच्या हातातलं भांडं काढून घेते. वय सत्तरच्या पुढे. नवरा उसाच्या ट्रकखाली गेला तेव्हा ती तरुण होती. तेव्हापासून पुतो विकून तिने तीन मुलं मोठी केली आणि तिन्ही मनिलाला गेली. पुतो म्हणजे आंबवलेल्या तांदळाच्या पिठाचे गोड, वाटोळे, पांढरे गोळे, केळीच्या पानावर वाफवलेले. आमच्या नेग्रोस बेटावर ते माडी घालून फुगवतात. सगळीकडे मिळतात, पण सेपाचे मऊ. लोक म्हणायचे, सेपाचा हातच मऊ आहे. टोपली उचलताना तिची मान जरा ताठ व्हायची.

मी तिच्या शेजारी राहतो. साखर कारखान्याच्या भट्टीला आतून विटा लावण्यात माझी उमर गेली. बायको वारली. मुलगी एदलिन इटलीत लोकांच्या घरी काम करते. तिची मुलगी नोएमी तिथेच जन्मली आणि गेल्या वर्षी माझ्याकडे आली. बापाचं नाव आमच्या घरात निघत नाही. आईला दिवसभर काम, पोरीला सांभाळायला कुणी नाही. मग पोर आजोबाकडे, आमच्या भाषेत लोलोकडे. आमच्याकडे निम्मी घरं अशीच चालतात.

पोरीला गहू चालत नाही. कणही नाही. इटलीतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं आहे. पोटात गेला की आतडी सोलल्यासारखी होतात. तिथे अशा पोरांसाठी वेगळी बिस्किटं, वेगळे केक औषधांच्या दुकानातही मिळतात. एदलिन खोक्यात भरून पाठवते. खोकं जहाजाने येतं, महिने लागतात, उघडलं की बिस्किटांचा भुगा. नोएमी तो चमच्याने खाते. शहरातल्या एका मोठ्या दुकानात असला केक मिळतो असं ऐकून मी बसने गेलो, घेऊन आलो. पोरीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "लोलो, हा तुमच्या भट्टीला लावा."

आमच्या गल्लीत एका पोराचा वाढदिवस म्हणजे सगळ्या पोरांचं जेवण. केक, शेवया, सारण भरून तळलेल्या गुंडाळ्या, सगळ्यांत गहू. नोएमी घरून उकडलेली केळी डब्यात घेऊन जायची. डबा मांडीवर ठेवून सगळ्यांकडे बघत हसत बसायची. ते हसणं मला बघवायचं नाही.

सातवा वाढदिवस आमच्याकडे मोठा. पहिला, सातवा आणि मुलींचा अठरावा. नांग सेपा एके दिवशी कुंपणापलीकडून म्हणाली, "तेर्यो, केकच्या मागे धावू नकोस. मी पुतोचा मनोरा रचते. तुझी पोरगी आणि बाकीची कार्टी एका ताटातलं खातील."

मी विचारलं, "नांग, गहू नाही ना त्यात?"

"तांदूळ, साखर, नारळ, माडी. पाचवी गोष्ट माझ्या घरात शिरत नाही. आईची शपथ."

तोवर मी पोरीला बाहेरचं काहीच देत नव्हतो. शपथ ऐकून त्याच दिवशी सेपाचे पुतो चाखायला दिले. नोएमीने तीन पुतो खाल्ले. संध्याकाळी ओकली. मग पोट धरून पडली ती दोन दिवस उठली नाही. फोनवर एदलिन मला काय काय बोलली ते मी ऐकून घेतलं.

पोर बरी झाली. पण शाळेत जाताना सेपाचं दार आलं की रस्ता ओलांडून पलीकडून जायची. सेपा दारात बसून ते बघायची. दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली.

"तेर्यो, मी काही घातलं नव्हतं."

"मला माहीत आहे, नांग."

"तुला काय माहीत? तू चुलीपाशी होतास?"

ती घरी गेली आणि तिने सगळं बाहेर काढलं. साखरेचा डबा पालथा केला. वाफेचं फडकं हुंगलं. माडी काढणाऱ्याला बोलावून झापलं. काही सापडेना. मग म्हणाली, "तांदूळ माझ्या हातातून फक्त एकदा सुटतो. गिरणीत. चल."

बाजारातली गिरणी बोयेतची. भिजवलेला तांदूळ पाण्यासकट वरून ओतायचा, खालून पीठ येतं. आम्ही बाजूला उभे राहिलो. पुढच्या बाईचं दळण संपत आलं. बोयेतने डोक्यामागच्या डब्यात हात घातला आणि काहीतरी पांढरं मूठभर आत फेकलं. डोळे दुसरीकडेच होते त्याचे, कपाळावरचा घाम पुसावा तसा.

"ते काय रे?"

"कुठलं? हे? मैदा, नांग. पाणी जास्त होतं ना, पीठ पळतं. मैद्याने धरून राहतं."

"माझ्यातही टाकतोस?"

बोयेत हसला. खरंच खुशीत हसला. "तुमच्यात दोन मुठी! जुनं गिऱ्हाईक. बाबांनी सांगून ठेवलंय, सेपाला हात आखडायचा नाही."

मला वाटलं ती आता त्याला टोपलीने बडवणार. ती म्हणाली, "तुझा बाप भला माणूस होता." आणि वळली.

वाटेत म्हणाली, "इतकी वर्षं लोक म्हणाले, सेपाचा हात मऊ. हात कसला, तेर्यो. बोयेतची मूठ."

मी म्हटलं, "त्याला सांगू, तुझ्यात टाकू नको म्हणून."

"आणि त्या यंत्राच्या पोटात जे चिकटलंय ते? तू भट्टी अशीच पुसून सोडायचास?"

सोडत नव्हतो.

त्याच संध्याकाळी ती माझ्या घरी आली आणि नोएमीसमोर खाली बसली. "मी न बघता शपथ घेतली. गिरणीवाला गहू टाकत होता. मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घेणं माझं काम होतं."

नोएमीने विचारलं, "आता कोण दळणार?"

"मी."

"मी कसं समजू?"

"शेजारी बसून बघ. पटलं नाही तर खाऊ नकोस. मी रागावणार नाही."

सेपाच्या परसात तिच्या आईचं दगडी जातं पडलं होतं. ओलं वाटायचं, पुढे चोच असलेलं. त्यावर कुंड्या ठेवल्या होत्या. कुंड्या उतरवल्या. दगड घासून घासून गुळगुळीत झाला होता, तांदूळ नुसता सरकला असता. मी जात्याच्या दोन्ही दगडांना छिन्नीने टाकी लावली. दिसायला ते सोपं काम आहे. खाचा मधून कडेला तिरक्या न्यायच्या, सगळ्या सारख्या खोल. एक खोल गेली तर पीठ तिथेच अडतं. सेपा मागे उभी राहून बोटाने खाचा तपासत होती.

"ही उथळ आहे."

"नांग, जरा हात टेकू दे."

"टेकव, आणि मग खोल कर."

नव्या टाकीची कच पिठात येते. पहिली दोन दळणं कोंबड्यांना गेली. जुन्या पिठाचं विरजण तिने मडक्यासकट डुकराला घातलं. ते मडकं तिच्या लग्नातलं होतं. मी म्हटलं धुऊन ठेव, तर म्हणाली, "मातीचं भांडं धुऊन काय होतं? ते पितं." फडकी जाळली. नव्या माडीवर नवं पीठ धरलं.

पहिला घाणा उतरला. मी एक हातात घेऊन तोलला. "नांग, विटेला कमी नाही. कारखान्यात कळवू का?"

"आधी तुझे दात मोज, मग बोल."

पण तिचा चेहरा पडला होता. मैद्याशिवाय पुतो कसे होतात हे तिला नव्याने शिकायचं होतं, या वयात, आणि वाढदिवस आठवड्यावर आला होता. मग तिने तांदूळ जास्त वेळ भिजवला. जुना तांदूळ घेतला. एकदा दळलेलं पुन्हा दळलं. तिचा उजवा खांदा वर जाईना, तर डाव्या हाताने फिरवलं. मी फिरवतो म्हटलं तर एक फेरा फिरवू दिला आणि खुंटा काढून घेतला. "तू धावतोस. दगडाला चावू दे."

नोएमी रोज शाळेतून येऊन जात्यापाशी बसायची. आधी चार हात लांब, मग जवळ. चौथ्या दिवशी तिनेच हात धुतले, पळी घेतली आणि तांदूळ जात्यात सोडायला लागली. सेपा म्हणाली, "नखं." पोर परत जाऊन नखं घासून आली.

वाढदिवसाला गल्लीतली सगळी पोरं आली. शेवया तांदळाच्या केल्या, आणि बाटलीतल्या काळ्या सोया सॉसमध्येही गहू असतो म्हणून नुसत्या मिठात आणि माशात. मधे पुतोचा मनोरा, वर मेणबत्ती. पूर्वीइतके मऊ नव्हते. बोटाला जरा तांदूळ लागायचा. पोरं सेपाला लोला, म्हणजे आजी, म्हणतात. एक पोरगा ओरडला, "लोला सेपा, आज पुतो म्हातारे झाले!"

"माझ्यावर गेलेत. खा."

नोएमीने मेणबत्ती फुंकली. सगळ्यांना वाढलं. मग एक स्वतःच्या ताटात घेतला आणि बघत राहिली. सेपा तिच्याकडे पाठ करून उगाच भांडी हलवत होती. पोरीने मोडला, हुंगला, खाल्ला. मग आणखी एक.

त्याने काही ठरत नव्हतं. मागच्या वेळीही खाल्लाच होता. संध्याकाळ झाली, पोरं गेली, तरी सेपा आमच्या बाकावरून उठली नाही. दर थोड्या वेळाने विचारायची, "पोट?" नोएमी म्हणायची, "नाही." शेवटी पोर वैतागली. "लोला, तुझंच दुखतंय का?"

दुसऱ्या दिवशी सेपाने टोपली काढली नाही. गिऱ्हाइकं दारावरून परत गेली. ती सकाळीच आमच्या फाटकाशी येऊन बसली. नोएमी उठली नव्हती. मी म्हटलं, काल नाचली, दमली असेल. सेपा चपलेने माती उकरत होती.

उन्हं वर आल्यावर पोर विस्कटलेल्या केसांनी दारात आली. पोट खाजवत होती. आम्ही दोघं त्या हाताकडे बघत राहिलो.

"लोला, उरलेत का?"

"दगड झालेत आता."

"मग परत वाफव ना."

नांग सेपा माझ्या खांद्याला धरून उठली. "हात धू आधी," ती म्हणाली, आणि पुढे निघाली. पोर तिच्यामागे रस्ता न ओलांडता गेली.