धायटीला पाणी कमी

मातीत बोटाची दोन पेरं खुपसायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "अजून नको." आमच्या बिल्डिंगमधल्या काकांची ही रोजची तऱ्हा. गंगापूर रोडवरच्या त्या बिल्डिंगचे जिने आणि गच्ची मी झाडते, कुंड्यांना पाणी घालते. असं एकटं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. झाडाशी बोलताना त्याचा आवाज वेगळाच लागतो.

मी सुरगाण्याकडची. सातवीत शाळा सुटली. कुणी नुसती हाक मारली तरी वाटतं, काय चुकलं आपलं? काकांनी गच्चीतल्या ड्रममध्ये धायटीचं रानझुडूप लावलं, तेव्हा मात्र मला हसू आलं.

"काका, आमच्याकडं ही चुलीत घालतात."

"घालू देत. लाल फुलं आली की मध प्यायला शिंजीर येतो. मला तेवढा बघायचाय."

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे हमिंगबर्डच ना?"

"तो अमेरिकेत असतो, आमच्या चिरंजीवांसारखा. हा इथलाच."

चिरंजीव एक दिवस काकांना कायमचं घेऊन जाणार होते. त्याआधी झाड फुलायला हवं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात धायटीची पानं मलूल झाली. काकांचं आपलं, "अजून नको." माझा जीव थाऱ्यावर नाही. झाड मेलं तर नाव माझंच येणार! दुपारी काका झोपले की मी गुपचूप बादलीभर पाणी ओतायची. पानं पिवळी पडली, गळाली. काकांनी झाड उपटलं तर मुळं काळी, कुजलेली.

"काका, मी पाणी घालत होते. चोरून."

त्यांनी एक काळं मूळ बोटांत चुरडून पाहिलं. मग म्हणाले, "अगं, तुझ्याच डोंगरातलं झाड ना हे?"

"तिथं तिला कोण पाणी घालतं? मला कसं ठाऊक असणार?"

काका इतके हसले की कठड्याला टेकून खालीच बसले. "आता तूच लाव दुसरी."

कामावरून काढलं नाही, वहिनींना सांगितलंही नाही. हे मी विसरणार नाही.

दिवाळीला गावी गेले, तेव्हा डोंगरातून वीतभर रोप आणलं. त्याला फुलायला तीन वर्षं लागली. काकांना दोनच मिळाली. चिरंजीव आले आणि घेऊन गेले. मी घाई केली नसती तर पहिलंच झाड त्यांच्यासमोर फुललं असतं.

यंदा थंडी सरता सरता फांद्या लालभडक झाल्या. एका सकाळी अंगठ्याएवढा काळा-जांभळा शिंजीर फुलात वाकडी चोच घालून बसलेला दिसला. मी काकांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती. कानटोपी घातलेले काका एकटेच सोफ्यावर.

"दिसतोय का?"

"हलू नकोस," ते कुजबुजले.

फोन धरून धरून माझा हात भरून आला. शिंजीर केव्हाच उडून गेला होता. काकांनाही ते दिसत होतं. दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.