फळ्यावरच्या पाच ओळी

मला फळा पुसायचा कंटाळा आहे. तास संपला की पुस्तक काखेत मारायचं आणि निघायचं, फळ्याचं पुढच्या तासाचे सर बघून घेतील. प्राचार्यांनी यावरून मला दोनदा टोकलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं.

जिंतूरच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते आणि एसटीनं पाऊण तासावरच्या सासरच्या गावात राहते. पहिल्या वर्षाला संवादाचा एक पेपर असतो. संदेश देणारा, घेणारा, माध्यम, मध्ये येणारा अडथळा, परत येणारा प्रतिसाद. मग चिन्ह आणि त्याचा अर्थ, मग वक्तृत्वाची अंगं. पुस्तकातली उदाहरणं इतकी मिळमिळीत की पोरं जांभया देतात. म्हणून मी उदाहरणं गावातून उचलायची. आपण काय झकास शिकवतो, याचा मला चांगलाच ताठा होता.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे आमच्याकडे येणारा बहुरूपी. कापसाची दुसरी वेचणी उरकत आली की एका सकाळी गावाच्या खालच्या अंगाला शिट्टी वाजायची. खाकी कपडे, पुठ्ठ्याचा बिल्ला, काखेत फाटकी वही, हातात वेताची छडी. दारोदार उभा राहून तो पोलिसी आवाजात कुणावर ना कुणावर गुन्हा दाखल करायचा. आमच्या दारातलं त्याचं ठरलेलं होतं.

"हुकूम आलाय, हुकूम! वरच्या सायबाचा हुकूम! ह्या घरची कोंबडी बिगरपरवाना आरवली, तिला हजर करा! मांजरीनं साक्ष दिलीय, उंदरानं अंगठा दिलाय!"

सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या आणि सुपभर ज्वारी त्याच्या झोळीत घालायच्या. त्या ज्वारीवर त्याचं घर चालायचं, एवढं आम्हाला माहीत होतं.

वर्गात मी सांगायची, बघा, खाकी हे चिन्ह. खऱ्या पोलिसाच्या अंगावर दिसलं की आपण चपापतो, याच्या अंगावर दिसलं की हसतो. कापड तेच. म्हणजे अर्थ कापडात नसतो, तो दोन्ही बाजूंनी मिळून मानलेला असतो. एका बाजूनं मानायचं सोडलं की संपलं. हे शेवटचं वाक्य मी परीक्षेसाठी लिहून द्यायची, त्याखाली रेघ मारायला लावायची, आणि विसरून जायची.

त्या वर्षी 'पटवून देणारा मजकूर' हा धडा घ्यायचा होता. वर्ग पेंगत होता. मी म्हटलं, चला, आज खोटं कसं रचतात ते दाखवते. हे खोटं आहे, शिकण्यापुरतं आहे, असं तोंडानं बजावलं आणि फळ्यावर लिहायला घेतलं. मुलं पळवणारी टोळी तालुक्यात उतरली आहे, असा विषय. पहिल्या ओळीत 'खात्रीशीर बातमी', कारण सांगणाऱ्याची पत लागते. दुसऱ्या ओळीत आमच्याच गावाचं नाव, कारण लांबच्या संकटाला कुणी भीत नाही. तिसऱ्या ओळीत एका आईचा आक्रोश. चौथ्या ओळीपाशी मी अडले. मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "पण म्याडम, असं व्हायलं असलं तर लोक पोलिसाकडंच जातील की."

प्रश्न रास्त होता. मी खडू उचलला आणि लिहिलं, 'ही माणसं पोलिसांच्या वेषात येतात, म्हणून दिसताच धरून ठेवा.' पाचव्या ओळीत 'आपल्या माणसांना लगेच पाठवा'. वर्गानं चक्क टाळ्या वाजवल्या. मी खूश झाले. पोलिसाचा वेष माझ्या डोक्यात कुठून आला, हा विचार मला शिवलासुद्धा नाही. घंटा झाली. मी पुस्तक काखेत मारून निघाले.

पुढचा तास त्याच खोलीत दुसऱ्या वर्गाचा होता आणि त्यांचे सर रजेवर होते. मोकळ्या तासाला आलेल्या पोरांना फळ्यावर पाच ओळी दिसल्या. ते खोटं आहे हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं. बोललेलं माझ्याबरोबर बाहेर पडलं होतं, लिहिलेलं मागे राहिलं होतं. बोलणं माणसाबरोबर जातं आणि लिहिणं माणसावाचून फिरतं, हेही मीच शिकवते. कुणीतरी फोटो काढला, कुणीतरी त्यावरून मजकूर टाइप केला. हे मला फार नंतर कळलं.

पाचव्या की सहाव्या दिवशी आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शेजारच्या जाऊबाईंनी एक मेसेज टाकला. मी एसटीत होते. पहिली ओळ वाचली आणि हसू आलं. दुसरी वाचली आणि हसू जागीच राहिलं. माझेच शब्द होते, स्वल्पविरामासकट. फक्त आता त्यांना वर दोन ओळी फुटल्या होत्या, कुठल्याशा दवाखान्याची भर होती, आणि शेवटी लाल भोंग्यांची पाच-सहा चित्रं होती.

मी तिथंच लिहिलं की हे खोटं आहे, हे मी वर्गात उदाहरण म्हणून लिहिलं होतं. दोघींनी हात जोडल्याची चित्रं टाकली. एकीनं लिहिलं, "म्याडम, तरीबी सावध राहिलेलं बरं." अर्ध्या तासात तोच मेसेज तिसऱ्याच बाईनं पुन्हा टाकला. माझं खंडन वर सरकून गेलं. वर्गातल्या पोरांनाही मी खुलासा पाठवायला लावला. त्यांनी पाठवला. तो कुठंच पोचला नाही. भीती पुढं पाठवावीशी वाटते, खुलासा पाठवून कुणाला काय मिळणार?

त्या दिवसापासून गावात पोरं एकटी शाळेत जाईनात. दुपारी अंगणं ओस पडायला लागली. पारावरची माणसं अनोळखी मोटारसायकल दिसली की बोलायची थांबायची. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पडला तो सासूबाईंच्या एका साध्या वाक्यानं.

"दुसरी येचनी व्हत आली की," त्या सरकी निवडता निवडता म्हणाल्या. "आता ह्यो आपला हुकूमवाला येईल बघ."

मी मोबाइल काढून चौथी ओळ पुन्हा वाचली. मी विचारलं, तो राहतो कुठं? सासूबाई म्हणाल्या, गंगाखेडाकडचा असल. जाऊबाई म्हणाल्या, न्हाई, राणीसावरगावचा. दीर म्हणाले, त्यांचं काय, आज इथं तर उद्या तिथं. नाव कुणालाच माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं आम्ही त्याच्या झोळीत ज्वारी घालत होतो आणि तू कोण, हे त्याला एकदाही विचारलं नव्हतं. मी तर त्याच्यावर तासच्या तास घेतले होते. नका येऊ यंदा, एवढा तीन शब्दांचा निरोप त्याला द्यायचा होता आणि द्यायला माध्यमच नव्हतं.

पोलीस पाटलांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बरं, बघतो." प्राचार्यांना सांगायला हवं होतं. नोकरीची भीती वाटली आणि मी गप्प बसले. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

तो आला रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास. खालच्या अंगाला शिट्टी वाजली. एरवी शिट्टी वाजली की पोरं तिच्याकडे धावायची. त्या दिवशी एकामागून एक दारांच्या कड्या लागल्याचे आवाज आले. मी हातातलं पीठ तसंच घेऊन पळत सुटले.

पोचेपर्यंत त्याला समाजमंदिराच्या खोलीत घातलं होतं. दाराशी तीस-चाळीस माणसं. निम्म्यांना मी वहिनी होते, काही माझेच जुने विद्यार्थी होते. खिडकीच्या गजांतून चार-पाच मोबाइल आत रोखलेले. आत तो भिंतीला टेकून बसला होता. बिल्ला तुटून लोंबत होता, एक गाल सुजला होता, आणि वही त्यानं छातीशी दोन्ही हातांनी धरली होती.

मी ओरडून सांगितलं, "अहो, हा आपला दरवर्षीचा आहे! आणि तो मेसेज मी लिहिलाय, मी!"

माझ्या एका चुलत दिरानं शांतपणे मोबाइल माझ्यापुढं धरला. "वैनी, तुमी शिकवायला लिव्हलं असल. ह्ये खरं हाय. बघा, सोता वाचा. पोलिसाच्या येषात येतेत. आन् ह्यो कसा आलाय?"

वर्गात ज्या ओळीला टाळ्या मिळाल्या, तिचं कामच ते होतं.

"बहुरूपी हाय तर बोलून दाखवू दे की," मागून कुणीतरी म्हणालं. लगेच सगळ्यांनी ते उचललं. बोल, बोलून दाखव. त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज निघाला नाही. जन्मभर बोलण्यावर पोट भरलेल्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटली होती. तो माझ्याकडे बघत होता. दाराशी रेटारेटी वाढली. कुणीतरी काठी आणायला सांगितलं.

मग मीच सुरू केलं. "हुकूम आलाय, हुकूम! वरच्या सायबाचा हुकूम!" माझा आवाज चिरकला. कुणी हसलं नाही. "ह्या घरची कोंबडी बिगरपरवाना आरवली..." पुढचं मला आठवेना. एवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. धापा टाकत त्या गर्दीतून वाट काढत होत्या. "तिला हजर करा! मांजरीनं साक्ष दिलीय!" आणखी दोन म्हाताऱ्यांनी सूर धरला. "उंदरानं," आतून तो पुटपुटला, "अंगठा दिलाय."

त्यात गंमत काहीच उरली नव्हती. कोर्टात जबाब द्यावा तसं तो म्हणाला. पण पोरंपणी त्याच्या मागं धावलेली माणसं गर्दीत होतीच. कुणाचा तरी हात खाली आला. कडी निघाली. माफी कुणी मागितली नाही. "कपडे बदलून जा म्हना," एवढंच एक जण बोलला.

माझ्या नवऱ्याचा जुना शर्ट त्याला आमच्या ओसरीवर दिला. खाकी त्यानं नीट घडी करून झोळीत तळाशी ठेवली. सासूबाई सूप भरून घेऊन आल्या, तर त्यानं झोळीचं तोंड मुठीत आवळून धरलं.

"नको, माय. ह्या गावचं नको आता."

सासूबाई सूप घेऊन तशाच उभ्या राहिल्या. तो पाणी प्याला, तांब्या खाली ठेवला आणि मला म्हणाला, "वैनी, असं लिव्हून कुनाला काय मिळत असल हो?"

मी दाराबाहेर जे ओरडले होते ते त्या गोंधळात त्याला ऐकू गेलं नव्हतं. सांगायची वेळ हीच होती. माझं काम शब्दांचं आहे. मी म्हटलं, "काय माहीत, बाबा."

त्यानं मान हलवली आणि तो सडकेला लागला.

सोमवारी प्राचार्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि यापुढं फळा पुसत चला म्हणाले. आता मी प्रत्येक तासाला फळा पुसते, दोनदा पुसते. पोरं हसतात.

यंदा वेचणी सुरू व्हायच्या आधी चुडाव्याच्या नणंदेचा मेसेज आला. तोच मजकूर. गावाचं नाव बदललेलं, चौथी ओळ जशीच्या तशी. पण आता खाली एक फोटो होता. खिडकीचे गज, भिंतीला टेकलेला खाकीतला माणूस, सुजलेला गाल, छातीशी वही. त्याखाली लिहिलं होतं, 'हाच तो.' नणंदेनं विचारलं होतं, "तुमच्याकडंबी आला व्हता का ह्यो?"

मी तिला सगळं लिहिलं. कुठल्या खोलीतला फोटो आहे, तो कोण आहे, मजकूर कुणाचा आहे. काही लपवलं नाही. तिनं ते वाचलं आणि हात जोडल्याचं चित्र पाठवलं. नंतर कळलं, तिनं फोटो त्याच्या आधीच चार ठिकाणी पाठवला होता.

दुसरी वेचणी आता उरकत आली आहे. सकाळी भाकऱ्या थापताना माझा कान खालच्या अंगाला असतो. ती शिट्टी वाजू नये म्हणून मी रोज देवाला हात जोडते. आणि वाजली नाही की वाटतं, दुसऱ्या कुठल्या गावात तर वाजली नसेल ना.