हातात दिलेलं दान

बाबा नागपुरात वारले तेव्हा मी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमध्ये होतो. व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं. गेलो असतो तर परत येण्याचा भरवसा नव्हता. अंत्ययात्रा मोबाइलवर पाहिली आणि मग मीटिंग जॉइन केली. रडू वगैरे काही आलं नाही. नुसता बधिर होतो.

आईनं एकच मागितलं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसाला पुण्य अर्पण करायच्या दिवशी तिकडच्या भंतेजींना बाबांच्या नावानं भोजनदान दे, म्हणाली. आता इथे आपला विहार कुठून आणू? सापडला तो अडीच तासांवर, डोंगरातल्या जंगलात, थाई परंपरेचा. बाबा वैतागलेच असते. जंगलात जाऊन ध्यान करणाऱ्यांचा त्यांना भारी राग. आपली माणसं वस्तीत आहेत, तिथे काम करा, म्हणायचे.

बायकोनं वांग्याची भाजी, वरण-भात करून दिला. हे भिक्खू दिवसातून एकदाच, दुपारच्या आत जेवतात, म्हणून सकाळीच निघालो. पोचल्यावर डबे भंतेजींसमोरच्या टेबलावर मांडले आणि हात जोडून मागे सरकलो. भंतेजी गोरे, म्हातारे. डब्यांकडे बघत शांत बसून राहिले. हात काही लावेनात.

माझं डोकंच फिरलं. आजोबांनी सांगितलेलं सगळं आठवलं, ते वरून ओतलेलं पाणी, लांबून टाकलेली भाकर. च्यायला, इथेपण? डबे उचलून सरळ निघावं असं वाटलं.

शेजारी एक थाई मावशी बसल्या होत्या. त्यांनी हळूच समजावलं. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांच्याकडचे काही भिक्खू शहरातले विहार सोडून रानात गेले, बुद्धाच्या वेळचे नियम तंतोतंत पाळायला. झाडाखाली राहायचं, स्मशानात ध्यानाला बसायचं, आणि कुणी दिल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. हे भंतेजी त्याच परंपरेतले.

"नुसतं ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "त्यांच्या हातात दे."

मी डबा उचलला. भंतेजींनी दोन्ही हात पुढे केले. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. बाबांना वांगं आवडायचं, एवढंच मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि भाजी पात्रात वाढून घेतली.

बाहेर येऊन आईला फोन केला. ती जागीच होती. भंतेजींनी दान घेतलं म्हणून सांगितलं. मग तिनं विचारलं, "हातात घेतलं?"

"हो."

तेव्हा ती रडायला लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मी कारमध्ये फोन कानाला लावून बसून राहिलो. मला अजूनही रडू येत नव्हतं, पण फोन ठेववत नव्हता.