पाखरांची चटणी

माझी बायको सुमन जानेवारीत गेली. एप्रिलमध्ये तिची चटणी संपली.

(चटणी म्हणजे वर्षाचं लाल तिखट. कोल्हापुरात ते विकत आणणाऱ्या घराकडे लोक काळजीनं बघतात.)

अगदी संपली नव्हती, तळाला दोन चमचे होती. त्याच दिवशी नेसरीहून लेकीचा, रूपाचा, फोन आला. "आप्पा, रविवारी येतोय. आईच्या चटणीचा डबा भरून ठेवा!"

"संपली" हा शब्द तोंडातून निघेना. म्हणालो, "ठेवतो."

मी निवृत्त ग्रंथपाल. सुमननं प्रमाण कधी लिहून ठेवलं नाही, मी कधी विचारलं नाही. मग पुस्तकं काढली. कच्ची मिरची हिरवी, कारण तिला पानांत लपायचं असतं. बी तयार झालं की हिरवा रंग विरतो, लाल चढतो, आणि पाखरांना लांबून आमंत्रण जातं. वा! उरलेले दोन चमचे मी हिंगाच्या रिकाम्या डबीत भरले आणि बाजारात पोत्यापोत्यापुढे डबी उघडून रंग जुळवला. चार किलो ब्याडगी मिरची घेतली. घरी मसाले भाजले. (हातही भाजला.)

डंकावर, म्हणजे मिरच्या कुटायच्या गिरणीत, कुटणाऱ्या मावशींनी पिशवीत डोकावलं.

"सर, निस्ती ब्याडगीच? तिखटाला संकेश्वरी कुठाय?"

"रंग बघा की, मावशी!"

"रंग चाटायचाय व्हय?"

मी चष्मा सावरला. "मावशी, मिरची लाल होते ती आपल्यासाठी नव्हेच. पाखरांसाठी. त्यांना तिखट लागतच नाही. फक्त रंग दिसतो."

"मग ह्यो माल पाखरांचाच हाय म्हना की!"

मी हसलो. तेवढ्यात त्यांनी पिशवीतली हिंगाची डबी उचलून उखळात उपडी केली.

"मावशी! ती चटणी होती! सुमनची!"

"आता गं बया! डबीवर हिंग ल्हिवलंय की!"

तीस वर्षं हजारो पुस्तकांना लेबलं चिकटवली. ही एक डबी तेवढी राहिली!

रविवारी रूपानं आमटी पानात घेतली. "रंग आईचाच!" मग घास. मग दुसरा घास.

"आप्पा, तिखट घालायचं इसरला काय?"

मी सगळं सांगितलं. डबीचंही. ती आधी खो खो हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. (त्या चटणीनं कुणाला रडवल्याची ही एकमेव नोंद.)

"म्हंजे आई हाय ह्यात."

"दोन चमचे."

"बास की मग. पुढच्या वर्षी निम्मी संकेश्वरी घालू. मी येतो कुटायला."

तिनं तिचा डबा काठोकाठ भरून नेला. उरलेली बरणीत आहे. बरणीवर लेबल आहे. मी ती रोज भाकरीशी खातो. तिखट अजिबात लागत नाही, रंग मात्र फार छान दिसतो. घरात सध्या पाखरू एकच आहे. ते चष्मा लावतं.