रऊफभाईंचे गादे

तुडीलच्या शाळेत माझी बदली झाली ती चौऱ्याहत्तर साली. मी पोलादपूरकडचा, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या बौद्धवाडीतला. आमच्याकडे मासा म्हणजे पावसात ओढ्याला चढणारा बोटाएवढा मळ्या. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात सावित्रीच्या पात्रात राखाडी रंगाचं एक धूड वर आलं आणि फुस्स करून पुन्हा बुडालं, तेव्हा मी वहाणा तिथंच टाकून पळालो. धक्क्यावर जाळं वाळत घालणारे रऊफभाई इतके हसले, की तोंडातली विडी पाण्यात पडली.

"गादा हाय तो, मास्तर. माणसाला काय करत नाय. तुमच्या शाळेतल्या पोरांपेक्षा गुणी हाय."

गादा म्हणजे शहरातले लोक ज्याला डॉल्फिन म्हणतात तो. समुद्र इथून बराच लांब, पण भरतीचं खारं पाणी तुडीलपर्यंत चढतं. त्या पाण्याबरोबर बोय मासा येतो आणि बोयच्या मागे गादे यायचे. रऊफभाईंचं सगळं पोट या गाद्यांवर होतं. खाडीला मिळणाऱ्या एका लहान ओहोळाच्या तोंडावर ते जाळं लावायचे, होडीत उभं राहून जाळ्याची दोरी हातात धरायचे आणि वल्ह्यानं होडीची फळी बडवायचे. तो ठोका ऐकला की गादे जमायचे. ते पलीकडून बोय हाकलत आणायचे आणि जाळं भरून जायचं. मग पहिली ओंजळभर बोय रऊफभाई पाण्यात परत फेकायचे. तो गाद्यांचा वाटा. त्यांचे वडीलही असंच करायचे म्हणे.

"घरात मीठ नसलं तरी चालंल, पण त्यांचा वाटा पयला," नसीबाभाभी मला ऐकवायच्या. भाभी म्हणजे रऊफभाईंची बायको. बोलणं तिखट, हात सढळ. जाळ्याचं सूत त्याच वळायच्या आणि ऐनाच्या सालीच्या पाण्यात रंगवायच्या. एखादा गादा चुकून त्या जाळ्यात घुसलाच, तर एका धडकेत ते फाडून पार व्हायचा. मग रऊफभाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत दिवसभर जाळं शिवत बसायचे.

ऐंशी सालानंतर गादे कमी व्हायला लागले. आधी कुणाच्या लक्षातही आलं नाही. पाच-सात यायचे ते तीन-चार झाले, मग कधी एखादाच. कारणं सांगायला मात्र चहाच्या टपरीवर तोटा नव्हता. महाडकडे कारखाने उभे राहत होते, नाल्याला रंगीत पाणी दिसायचं आणि मधूनच एखाद्या सकाळी बोय पोट वर करून तरंगायची. म्हणून बरेचजण म्हणत, पाण्यानं मेले. कुणी म्हणे, खाडीच्या तोंडाशी यांत्रिक बोटी सगळा मासा ओरबाडतात, वर यायला गाद्याला काय वेडबिड लागलंय? कुणी वाळूच्या होड्यांना बोल लावी. टपरीवाल्या भिकाजीच्या मते कलियुग आलं होतं. मला या सगळ्या विद्वानांचा राग यायचा, कारण एकजणही खाडीकडे बघायला उठत नसे.

रऊफभाई मात्र ठाम होते. "पानी, मास्तर. दुसरं काय नाय."

याच सुमारास त्यांचा धाकटा भाऊ महमूद कुवेतहून सुट्टीवर आला आणि भावासाठी मुंबईहून नायलॉनचं जाळं घेऊन आला. हलकं, पाण्यात दिसत नाही, फाटत नाही, शिवायला नको. भाभींच्या बोटांना तेव्हा सूज यायला लागली होती, त्यांनीच आधी जुनं जाळं माळ्यावर टाकलं. सबंध गावानं हळूहळू तसलीच जाळी घेतली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

पंच्याऐंशी साली दोनच गादे उरले. एक मादी आणि तिचं वाढतं पिल्लू. ठोका दिला की दोघं यायची. रऊफभाईंना तेवढ्यात मुंबईच्या एका संशोधकाचा पत्ता लागला, म्हणजे मीच वर्तमानपत्रात वाचून त्याला पत्र टाकलं. "एकदा त्याच्या डोळ्यांनी बघू दे," रऊफभाई म्हणाले. "बघितल्यावर तो सरकारला सांगंल. पानी साफ झालं तर ही दोघं तरी राहतील." गेले कित्येक महिने त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं.

पाहुणा आला. तरुण, सालस, गळ्यात दुर्बीण. मुंबईचा माणूस आपल्या दारात येणार आणि खाडीची बोय न खाता जाणार, हे रऊफभाईंच्या घरात होणं शक्यच नव्हतं. भाभींनी सकाळीच नवऱ्याला पिटाळलं. भरती लागताना त्यांनी नेहमीच्या ओहोळाच्या तोंडावर जाळं लावलं, दोरी खुंट्याला बांधली आणि पाहुण्याला आणायला धक्क्यावर आले. जन्मभर जाळं लावायचं आणि ठोका द्यायचा, हे त्यांचं एकच काम होतं. पण आज दोरी हातात नाही, गादा अडकला तर जाळं सैल सोडता येणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आम्ही तिघं होडीत बसलो. थोडं पुढं गेल्यावर रऊफभाईंनी वल्ह्यानं फळी बडवली. दोघं आली. होडीच्या अगदी जवळ आधी मादी वर आली, तिच्या मागून पिल्लू. पाहुणा "अरे, अरे!" करत उभाच राहिला आणि होडी कलंडता कलंडता राहिली. रऊफभाईंचा चेहरा मी इतका फुललेला कधी पाहिला नव्हता. मग मादी नेहमीसारखी बोयच्या मागे ओहोळाकडे वळली आणि बुडाली.

ती वर आली नाही. ओहोळाच्या तोंडावरची जाळ्याची बोयरी, म्हणजे वर तरंगणारी लाकडं, तेवढी खाली-वर व्हायला लागली.

रऊफभाई ओरडले आणि वल्ही मारत सुटले. गाद्याला श्वासासाठी वर यावंच लागतं, आणि तिच्या तोंडाला, पंखाला नायलॉन गुंडाळलेलं होतं. आम्ही तिघांनी ओढलं, कोयत्यानं जाळं कापलं, माझे हात सोलून निघाले. तिला वर आणली तेव्हा ती मेली होती.

"मीच बोलावली तिला," रऊफभाई म्हणत होते. "मीच हाक मारली, मास्तर."

धक्क्यावर गाव जमलं. जाळं कुणाचं, असं पाहुण्यानं हळूच विचारलं. भिकाजी पुढे होऊन म्हणाला, "ते मरू द्या, साहेब. पान्यानं मेली, असं लिवा. नायतर कारखानेवाले सुटतील." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मलाही वाटलं, लिहावं की. इतकी वर्षं जी ओरड चालली होती, तिला पुरावा आयता समोर पडला होता.

"जाळं माझं हाय," रऊफभाई म्हणाले.

पाहुण्यानं मान खाली घातली. "ही जाळ्यात गेली," तो मला म्हणाला. "बाकीचे कशानं गेले, ते मी नाही सांगू शकत. पाणी असेल, जाळी असतील, मासा कमी झाला असेल. सगळंच थोडं थोडं असेल." खरं बोलला बिचारा, पण त्या क्षणी मला त्याचाही संताप आला. तो बोय न खाताच संध्याकाळच्या एसटीनं गेला. आयता पुरावा घालवला म्हणून गावानं पुढे कितीतरी दिवस रऊफभाईंशी बोलणं टाकलं.

पिल्लू मात्र खाडीतच राहिलं. कुणी काहीही बडवलं की ते जवळ यायचं. बायका धक्क्यावर भांडी आपटत, वाळूवाले होडीत घमेली टाकत, तिकडे ते धावत यायचं. खाडीभर आता नायलॉनची जाळी खुंट्याला बांधून सोडलेली असायची. रऊफभाई दारोदार गेले, जाळी काढा म्हणून हात जोडले. काहींनी काढली, काहींनी दार लावून घेतलं.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. होडीत दगड भरलेले होते. खाडीच्या मध्यावर त्यांनी फळी बडवली. पिल्लू आलं आणि होडीला अंग घासत राहिलं. रऊफभाईंनी दगड उचलून मारला. तो चुकला. दुसरा पाठीवर बसला. ते बुडालं आणि पुन्हा वर आलं, आमच्याच जवळ. तेव्हा रऊफभाई मोठ्यानं रडायला लागले, पण हात थांबला नाही. "जा! दर्याला जा! मानसाच्या जवळ येऊ नको रे, जा!" मी त्यांचा हात धरायला गेलो, तर त्यांनी मला ढकलून दिलं. शेवटी पिल्लू ओहोटीबरोबर खाली गेलं, एकदा लांबवर दिसलं आणि मग दिसलं नाही.

आईवाचून समुद्रात त्याचं काय झालं असेल, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्यानंतर माझी बदली होईपर्यंत तुडीलला गादा आला नाही.

त्या दुपारी रऊफभाईंच्या घरी आलो तेव्हा भाभी दारातच उभ्या होत्या. "गेला काय?"

"गेला."

"लागलं काय त्याला?"

"लागावं म्हणूनच मारलं," रऊफभाई म्हणाले आणि पडवीत भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.