मी न वाचलेली प्रस्तावना

माझे सासरे, म्हणजे बाबा, सांगलीचे. शाळेत गणित शिकवलं आणि बाकी सगळा वेळ बुद्धिबळाला दिला. दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे बॉनला आले, तेव्हा त्यांना नदीकाठ नको होता, किल्ले नको होते. एक पुस्तक बघायचं होतं. एकोणिसाव्या शतकातलं एक जर्मन पुस्तक, ज्यावरून युरोपातल्या कित्येक पिढ्या बुद्धिबळ शिकल्या. त्याची एक जीर्ण प्रत बाबांच्या गुरुजींकडे होती. जर्मन तिथे कुणालाच येत नव्हतं, पण एस म्हणजे घोडा, एल म्हणजे उंट, एवढं उमगल्यावर बाबांनी विशीत त्यातल्या चाली वह्यांमध्ये उतरवून घेतल्या होत्या. सुरुवातीची मजकुराची पानं तेवढी तशीच राहिली.

"पन्नास वर्षं ज्याच्या घरी जेवलो तो माणूस कोण, हेच ठाऊक नाही," ते पुस्तकाच्या लेखकाबद्दल मला म्हणाले. "तेवढी प्रस्तावना वाचून सांगशील?"

मी लगेच हो म्हटलं आणि पाच आठवडे टाळलं. ऑफिस होतं, लेकीची सर्दी होती, नवरा आठवडाभर फ्रँकफर्टला असायचा. बाबांनी एकदाही आठवण करून दिली नाही. शेवटी त्यांच्या परतीला चार दिवस उरले तेव्हा मी अर्धी रजा काढली.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोचायला तीन वाजले. लेकीला साडेचारच्या आत किटामधून, म्हणजे तिच्या बालवाडीतून, आणायचं होतं. पुस्तक वाचनकक्षातच बसून बघायचं होतं. बाबा हात धुऊन आले, रुमालाने पुसले आणि मग पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

जर्मन जुन्या वळणाचं होतं. अर्ध्या पानाचं एक वाक्य, आणि क्रियापद पार शेवटी. मी पहिलं पान कसंबसं वाचलं, मधली उलटली, शेवटच्या परिच्छेदात आभार दिसले.

"विशेष काही नाही, बाबा. नेहमीचंच. आभार वगैरे."

"एवढी सगळी पानं आभारांची?"

"जुने लोक लांबण लावायचे."

त्यांनी मान हलवली आणि चालींची पानं उघडली. ओळखीची एखादी चाल दिसली की बोट ठेवून थांबायचे. मी प्रस्तावनेचे फोटो काढले, घरी सावकाश बघते म्हणाले. बघितले नाहीत.

पुढच्या वर्षी त्यांच्या क्लबची स्मरणिका निघाली. बाबांनी तीत या पुस्तकाचा इतिहास लिहिला होता. त्याच्या आवृत्त्या, गुरुजींची प्रत, स्वतःच्या वह्या. एक वाक्य माझ्याबद्दल होतं. सूनबाईंनी जर्मनीत मूळ प्रस्तावना वाचून पाहिली, तीत औपचारिक आभारांपलीकडे काही नाही. खाली माझे आभार.

ते छापलेलं वाचून मला कानकोंडं झालं. त्याच दिवशी मी फोनमधले फोटो उघडले. ती पानं पुरी वाचायला मला तीन रविवार लागले. ज्या तरुणाचं नाव पुस्तकावर होतं, तो काम अर्धवट असतानाच वारला होता. त्याच्या मित्राने ते पुरं केलं आणि नाव मात्र त्याचंच राहू दिलं. मित्राने ते सगळं साधेपणाने सांगितलं होतं.

मी सांगलीला फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू घड्याळ बघत वाचत होतीस. मला तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तुझी धावपळ दिसत होती."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी माफी मागितली, तर त्यांनी विषय बदलला आणि भाषांतर पाठव म्हणाले. ते मी त्याच रात्री पाठवलं.

महिन्याभराने नवऱ्याच्या मामेभावाने मला एक फोटो धाडला. बाबांनी शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या होत्या आणि घरोघरी जाऊन स्मरणिकेत चिकटवत होते. गुडघे दुखत असताना. चिठ्ठीवर खरी हकिगत होती, आणि त्याखाली लिहिलं होतं की प्रस्तावनेविषयीची चूक लेखकाच्या निष्काळजीपणामुळे झाली.

लेखक म्हणजे ते. माझं नाव त्यांनी फक्त आभारात ठेवलं होतं. मी फोन करून म्हटलं, बाबा, हे खरं नाही. ते म्हणाले, "लेख माझा आहे," आणि लेकीला फोन द्यायला सांगितलं.